हरियल आणि त्याची झाडे : प्रस्तावना

सिंधफणेच्या काठच्या माजलगाव तालुक्यात जे जुने वड, पिंपळ आणि उंबर अद्याप उभे आहेत त्यांचा, आणि त्यांच्या फळांवर ज्याचा सारा योगक्षेम चालतो त्या हरियल पक्ष्याचा परिचय मराठी वाचकांस करून द्यावा, या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय. आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यपुष्प आणि शेकरू हा राज्यप्राणी यांच्या पंक्तीस शासनाने त्याला बसविले आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्याचे नाव छापले जाते आणि स्पर्धापरीक्षांना बसणारी आपली मुले ते मुखोद्गत करतात. परंतु ज्यांनी ते नाव मुखोद्गत केले त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी तो पक्षी आपल्या गावच्या पारावरील पिंपळावर पाहिलेला असतो, आणि त्याहूनही थोड्यांना हे ठाऊक असते की तो तेथे आहे, पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्याचे तेथे असणे त्या पिंपळाच्या असण्यावर सर्वस्वी अवलंबून आहे. यात मुलांचा दोष नाही. आपण या पक्ष्याला सन्मान दिला, पण त्याचा पत्ता कोणाला सांगितला नाही; ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, अशी या लेखनामागची इच्छा आहे.

प्रथम त्याच्या रूपाविषयी. हरियल हा कबुतराच्या कुळातला, आकाराने आपल्या ओळखीच्या पारव्याएवढा, सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा पक्षी आहे. डोके राखी, मान आणि छाती हिरवटपणाकडे झुकणारी पिवळी, पाठ फिकट हिरवी, खांद्यावर जांभळ्या रंगाचा एक डाग, पंखांवर पिवळी रेघ आणि पाय मात्र हळदीसारखे पिवळेधमक, असे त्याचे वर्णन थोडक्यात करता येते. त्याच्या वंशातील इतर बहुतेक हिरव्या कबुतरांचे पाय तांबडे असतात. याचे मात्र पिवळे, आणि पक्षिशास्त्रज्ञांनी त्याला ओळखण्याची खूण म्हणून पायांचाच आधार घेतला आहे. एवढे रंग अंगावर असूनही, पालवीने भरलेल्या वडावर शंभर हरियल बसले असता खाली उभ्या असलेल्या माणसास एकही दिसू नये, ही त्याच्या रंगसंगतीची किमया होय. झाडाखाली कोणी आले की तो निश्चल होतो; पाने, फळे आणि पक्षी यांत भेद उरत नाही; आणि मग कोणी टाळी वाजविली वा खडा फेकला म्हणजे पंखांचा मोठा फडफडाट होऊन थवाच्या थवा झाडातून सुटतो, तेव्हा कोठे कळते की आपण ज्याला निव्वळ झाड समजत होतो ते एक भरलेले गाव होते.

त्याला पाहण्याची वेळ सकाळची, आणि ऋतू हिवाळ्याचा. उन्हाची पहिली तिरीप आली की हरियलांचे थवे झाडाच्या सर्वांत उंच, शक्य तर निष्पर्ण अशा शेंड्यावर येऊन पूर्वेकडे तोंड करून बसतात व ऊन अंगावर घेतात. त्या वेळी त्यांचे पिवळे वक्षःस्थळ अशा काही तेजाने झळकते की रस्त्याने जाणाऱ्यानेही मान वर करून पाहावे. पुढे ऊन चढले की ते पानांत शिरतात आणि दिवसभराचा फलाहार सुरू होतो. पोपटाप्रमाणे डहाळीला उलटे लोंबकळून, मान ताणून, कधी पंख फडकावीत तोल सांभाळून ते फळ तोडतात आणि सगळेच्या सगळे गिळतात. त्यांचा आवाज पारव्याच्या घुमण्यासारखा नसून मंजूळ शिळेसारखा असतो. चढउतार असलेली ती शीळ एकदा कानांनी ओळखली की पुढे डोळ्यांना शोधण्याचे श्रम पडत नाहीत.

जमिनीशी त्याचा संबंध फार थोडा. पाण्यासाठी किंवा क्षारयुक्त मातीसाठी तो कधीमधी खाली उतरतो, एरवी जन्मापासून मरणापर्यंतचे सारे व्यवहार झाडावरच होतात. या स्वभावावरूनच उत्तर हिंदुस्थानात अशी समजूत रूढ झाली की हारिल, म्हणजे आपला हरियल, कधीही भूमीला पाय लावीत नाही, आणि लावावाच लागला तर पंजात लाकडाची काटकी धरून उतरतो. भक्तिकालीन कवींनी, विशेषतः सूरदासांनी, अनन्यनिष्ठेचे प्रतीक म्हणून या काटकीचा उपयोग केला. निरीक्षणाच्या कसोटीला ती समजूत उतरत नाही, परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक आहे : हा पक्षी झाडाला धरून जगतो आणि झाड सुटले की त्याला दुसरा आधार नाही.

आपल्या वाङ्मयात त्याचा प्रवेश फार जुना आहे. संस्कृतात त्याला हारीत म्हणतात, आणि कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात, रघूच्या दिग्विजयी सैन्याचा मलयपर्वताच्या पायथ्याशी मुक्काम वर्णिताना, मिरीच्या वनांतून भयचकित होऊन उडणाऱ्या हारीतांचे चित्र काढले आहे. आधुनिक पद्धतीने दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करणाऱ्यांत जर्डन या लष्करी वैद्याचे नाव अग्रभागी येते. आपल्या शेजारच्या जालन्याच्या छावणीत त्याने काही काळ काढला आणि पुढे १८६२ ते १८६४ या वर्षांत भारतातील पक्ष्यांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बीड जिल्हा, ज्यात तेव्हाचा मांजलेगाव, म्हणजे आजचा माजलगाव, तालुका मोडत असे, हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. आणि या संस्थानाच्या मुलुखातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी १९३१-३२ साली सालीम अली यांनी केली, हे आपल्या भागातील वाचकांस सांगितलेच पाहिजे. निजाम सरकारचे साह्य आणि १८८३ पासून मुंबईत कार्य करीत असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा आधार या दोहोंवर ती पाहणी सिद्धीस गेली व तिचा वृत्तांत संस्थेच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः छापला गेला. महसुलासाठी जशी जमिनीची पैमाइश झाली, तशी पाखरांचीही एक पैमाइश या मुलुखात झालेली आहे. तिची आठवण मात्र आपण राखली नाही.

आता विषयाचा विस्तार थोडा वाढविणे अवश्य आहे, कारण हरियल हा एका फार मोठ्या फलाहारी गोत्राचा घटक आहे आणि त्या गोत्राचे मुख्य वसतिस्थान पाहिल्यावाचून आपल्या पक्ष्याची स्थिती ध्यानात येत नाही. कबुतरांच्या कुळात धान्य टिपणारे आणि फळे खाणारे असे दोन स्थूल विभाग पडतात. आपला पारवा आणि शेतातला होला हे पहिल्या विभागातले, हरियल दुसऱ्यातला. या दुसऱ्या विभागाचे वैभव पाहावयाचे तर इंडोनेशिया, फिलिपाईन्स, न्यू गिनी यांपासून फिजी, सामोआ, टोंगा आणि थेट मार्केसास द्वीपसमूहापर्यंत पसरलेल्या उष्ण प्रदेशातील बेटांच्या अरण्यांकडे वळावे लागते. तेथे फळकपोत म्हणविल्या जाणाऱ्या फलाहारी कबुतरांच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत : हिरव्या अंगावर किरमिजी टोपी, गुलाबी छाती, केशरी पोट, अशा रंगांच्या उधळणीत प्रत्येक द्वीपसमूहाने, आणि कित्येकदा प्रत्येक बेटाने, आपली स्वतंत्र जात घडविली आहे. पॅसिफिक महासागरातील हेंडरसन हे बेट अवघे ३७ चौरस किलोमीटरांचे. तेथील फळकपोत जगात अन्यत्र कोठेही नाही. रापा या तितक्याच लहान बेटाचाही असाच स्वतःचा एक फळकपोत आहे. आपल्या अंदमानात एक हिरवे कबूतर आणि निकोबारात एक मोठे फलाहारी कबूतर अशाच रीतीने सागराच्या कोंदणात वाढले आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानांतही या गोत्रातील मोठी कबुतरे उंच झाडांच्या शेंड्यांवरून घुमत असतात.

या द्वीपवासी पक्ष्यांचे तेथील अरण्याशी असलेले नाते अत्यंत निकटचे आहे. पक्ष्याच्या पोटात अन्न दळणारी स्नायूंची एक पिशवी असते, तिला पेषणी म्हणतात. बेटांवरील फळकपोतांची पेषणी पातळ असते. फळाचा गर तेवढा पचतो आणि बी अखंड राहून, कधी मैलोगणती दूर, दुसऱ्या दरीत वा दुसऱ्या बेटावर पडते. त्यांचे मोठे भाईबंद जबडा इतका फाकवू शकतात की जायफळासारखी मोठी बीजेही गिळली जातात. महासागरातील दूरच्या बेटांवर माकडे नाहीत, हत्ती नाहीत, बीज वाहून नेणारे मोठे सस्तन प्राणी नाहीत. तेव्हा वटवाघळांच्या जोडीने हे पक्षीच अरण्याचे पेरणारे ठरतात. जेथे पेरणारा नाहीसा होतो, तेथे झाडे काही काळ उभी राहतात, फळतात, फळे त्यांच्याच सावलीत कुजतात, आणि अरण्य आतून म्हातारे होत जाते.

अशा नाहीशा झालेल्या पेरणाऱ्यांची यादी दुर्दैवाने मोठी आहे, आणि तिच्यातील एका नावाशी मराठी माणसाचा अप्रत्यक्ष संबंध पोहोचतो. मॉरिशस बेटावरील डोडो हाही कबुतरांच्याच कुळातला, उडण्याची शक्ती गमावलेला पक्षी होता व सतराव्या शतकात तो नामशेष झाला, हे सर्वश्रुत आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने निकोबारी कबूतर हा त्याचा जवळचा हयात आप्त असल्याचे दाखविले. परंतु त्याच बेटावर निळे पंख, शुभ्र मान आणि तांबडी शेपटी असलेले एक फलाहारी कबूतर होते, आणि तेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, वृक्षतोड आणि शिकार यांपायी नष्ट झाले. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून लोक मॉरिशसला जाऊ लागले व त्यांत कोकण आणि देशावरील मराठी कुटुंबेही होती. ज्यांचे वंशज आजही तेथे मराठी भाषा आणि गणेशोत्सव जपतात, त्यांच्या पूर्वजांनी त्या भूमीवर पाय ठेवला तो साधारण याच सुमारास, आणि ज्या उसाच्या मळ्यांत ते राबले ते मळे त्या अरण्याची जागा घेत होते. मजुरांकडे याचा दोष जात नाही. एका भूमीचे सारे उत्पन्न एकाच पिकात बांधले गेले म्हणजे तेथील मूळच्या रहिवाशांस जागा उरत नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा. आणि तो ऊसकरी माजलगावासही लागू पडतो.

दुसरे उदाहरण ग्वाम बेटाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतील सामानाबरोबर एक वृक्षचर तपकिरी साप तेथे पोहोचला, आणि पुढील चाळीसएक वर्षांत त्याने त्या बेटावरील पाखरांचा असा संहार केला की मारियाना फळकपोत ग्वामवरून १९८० च्या दशकात दिसेनासा झाला. शेजारच्या उत्तर मारियाना बेटांवर तो अद्याप आहे, आणि तो तेथील शासनाचा अधिकृत पक्षी आहे, जसा हरियल आपला. तेथील लोकांनी काही पक्षी पिंजऱ्यात वाढविले, सापांचा उपद्रव नसलेल्या दूरच्या बेटांवर काही नेऊन सोडले. आपल्या राज्यचिन्हावर येणारे संकट त्यांनी वेळीच ओळखले.

येथे वाचक स्वाभाविकपणेच विचारील की, सागरापासून इतक्या दूर, पर्जन्यछायेतील या दुष्काळी पठारावर बेटांच्या कथा कशासाठी? त्याचे उत्तर हाच या पुस्तकाचा मुख्य सिद्धांत आहे. हरियल हाही बेटांवरच राहतो. पावसाळी रानातील पक्ष्यास फळझाडांचा अखंड पसारा लाभतो. माजलगावच्या हरियलास तो नाही. कापूस, ऊस, सोयाबीन आणि ज्वारी यांच्या सपाट विस्तारात कोठे गावच्या पारावरचा पिंपळ, कोठे देवळामागचा वड, कोठे दर्ग्याच्या आवारातील पिपरी, कोठे जुन्या विहिरीवर झुकलेला उंबर, ओढ्याकाठची दोन-चार जांभळे आणि माळावरच्या बोरी, एवढीच त्याची भूमी. आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना तो जो अवकाश पार करतो त्यात त्याला खाण्याजोगे, बसण्याजोगे काही नसते. फळकपोत समुद्र ओलांडून बेटावर जातो, हरियल शेते ओलांडून वडावर जातो. दोघांचेही आयुष्य एकाच प्रश्नावर तोललेले असते : येथील फळे संपली, तर पुढची कोठे पिकली आहेत?

या प्रश्नाला आपल्या भूमीने दिलेले उत्तर फार सुंदर आहे. वड, पिंपळ, उंबर, पिपरी, नांद्रुक ही सारी एकाच वंशातली झाडे. त्यांचे फूल फळासारख्या दिसणाऱ्या कोशात आत दडलेले असते व एका सूक्ष्म गांधीलमाशीवाचून त्यात परागसिंचन होत नाही. त्या माशीचे प्रौढपणीचे आयुष्य फार तर काही दिवसांचे असते. तेवढ्या अवधीत तिला त्याच जातीचे, योग्य अवस्थेतील फळ धरलेले दुसरे झाड सापडले पाहिजे. म्हणून या झाडांनी सगळ्यांनी मिळून एकदाच फळण्याची रीत सोडून दिली आहे. एक वड आज पिकतो, दोन कोसांवरचा आणखी महिन्याने, उंबर वर्षातून अनेक वेळा लगडतो, आणि अशा रीतीने वैशाखाच्या वणव्यातही, जेव्हा शिवारात गवताची काडी हिरवी नसते, तेव्हा कोठे ना कोठे एखादे झाड लाल फळांनी भरलेले असते. हरियलाची वीण याच दिवसांत, मार्च ते जूनच्या दरम्यान, होते हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काटक्यांचे विरळ, इतके विरळ घरटे की खालून पाहिले असता अंडी दिसावीत. त्यात दोन पांढरी अंडी. नर-मादी दोघेही ती आळीपाळीने उबवितात आणि पिल्लांना आपल्या अन्नपुटात तयार होणारे दुधासारखे द्रव्य, ज्याला कपोतदुग्ध म्हणतात, ते भरवितात. दुष्काळी मुलुखाच्या सर्वांत कठीण काळात ही माया शक्य होते ती केवळ झाडांच्या या क्रमवार फळण्यामुळे.

परंतु या व्यवस्थेतच तिची दुर्बलताही आहे. क्रम टिकण्यास झाडांची संख्या लागते. एक वड तोडला म्हणजे एक झाड कमी झाले, असा हिशेब येथे चालत नाही. वर्षाच्या फळक्रमातील एक दुवा निखळतो, माशीला पुढचा मुक्काम सापडत नाही, पाखराला त्या महिन्याचे अन्न राहत नाही. अशा पाच-दहा झाडांनंतर उरलेली झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यातील नाते तुटलेले असते.

येथे हरियलाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. बेटांवरील फळकपोतांप्रमाणे तो उत्तम पेरणारा नाही. हिरव्या कबुतरांची पेषणी जाड आणि बळकट असते, आणि वड-पिंपळाच्या बारीक बियांपैकी पुष्कळशा तिच्यात दळल्या जातात. काही वाचतात, परंतु जुन्या वाड्यांच्या भिंतींत आणि हेमाडपंती देवळांच्या शिखरांवर पिंपळ उगवतो त्याचे श्रेय कोकीळ, बुलबुल, साळुंकी, तांबट आणि वटवाघळे यांना अधिक जाते. तेव्हा हरियलाचे रक्षण करा, कारण तो तुमची झाडे लावतो, असे सांगणे सोयीचे असले तरी पूर्ण खरे होणार नाही. तो झाडांच्या मोबदल्यात फारसे काही देत नाही; तो त्यांची साक्ष देतो. ज्या गावाच्या शिवारात बारमाही हरियल आहेत, त्या गावात फळझाडांचा क्रम शाबूत आहे, असा दाखला कोणत्याही कचेरीच्या शिक्क्यावाचून ग्राह्य धरावा. ज्याचा उपयोग सांगता येतो त्याचेच रक्षण करावयाचे, हा विचार मला तोकडा वाटतो. या मातीवर आपल्याबरोबर दीर्घकाळ राहिलेल्या एका सुंदर जीवाचा येथे राहण्याचा हक्क त्याच्या उपयुक्ततेवर तोलला जाऊ नये.

माजलगाव तालुक्याच्या भूगोलात या झाडांना पूर्वी मोठे संरक्षण होते. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस बालाघाटचे डोंगर, मधून वाहणारी सिंधफणा आणि मंजरथ येथे तिचा गोदेशी होणारा संगम, अशी ही भूमी तीर्थांची आणि घाटांची आहे. गोदातीरीचे पुरुषोत्तमपुरी हे क्षेत्र अधिकमासातील यात्रेमुळे सर्वांस परिचित आहे. यादव राजा रामचंद्र याच्या कारकिर्दीतील शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०, चा ताम्रपट तेथे सापडला व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादिला. अशा अग्रहारांच्या, देवस्थानांच्या आणि इनामांच्या जमिनींवर वड-पिंपळ निर्धास्त वाढत. पिंपळावर मुंजा राहतो हे भय, औदुंबरातळी दत्तात्रेयाचा वास आहे ही श्रद्धा, वटपौर्णिमेचे व्रत, दर्ग्याच्या झाडाला हात न लावण्याची रीत, या सर्वांनी मिळून कुऱ्हाड रोखली होती. उंबराजवळ पाणी लागते हा शेतकऱ्याचा अनुभव तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील भूजलाच्या प्रकरणातही नमूद आहे. म्हणून विहिरीवरचा उंबर कोणी सहसा तोडीत नसे.

१९८७ साली सिंधफणेवरील धरण पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील हा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बांध, आणि पैठणहून १३२ किलोमीटर वाहत येऊन त्याच्या जलाशयाला मिळणारा उजवा कालवा, यांनी या तालुक्याचे नशीब पालटले, आणि तहानलेल्या मुलुखाला मिळालेल्या या पाण्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पाखरांनी आपल्या परिसराला नवी शोभा दिली, हेही खरे. परंतु पाण्यामागून ऊस आला, उसामागून बांधांची रुंदी घटली, जुन्या विहिरींचे महत्त्व उतरले, आणि सावलीने पीक मारले जाते या कारणास्तव बांधावरची झाडे जाऊ लागली. कल्याणहून विशाखापट्टणमकडे जाणारा महामार्ग आणि पंढरपूरच्या दिशेने जाणारा मार्ग हे दोन्ही माजलगावातून जातात. रस्ते रुंद होणे लोकांच्या सोयीसाठी आवश्यकच होते, पण रस्त्याच्या कडेचा जुना वड आणि खड्ड्यात लावलेले दोन फुटी रोप यांची बरोबरी होत नाही, कारण रोपाला फळ धरण्यास जी वर्षे लागतात तेवढी वर्षे हरियलाला थांबता येत नाही. त्यात दुष्काळाची भर. १९७२ सारख्या साली, आणि अलीकडच्या कोरड्या वर्षांतही, वैरणीसाठी पिंपळ-वडाच्या डहाळ्या छाटल्या गेल्या. भुकेल्या जनावरांच्या मालकास कोण दूषण देईल?

कायद्याची स्थिती पाहावी तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हरियलाची शिकार निषिद्ध केली आहे. बेचकी आणि बंदूक यांपासून पाखरू कागदोपत्री सुरक्षित झाले. त्याचे घर मात्र झाले नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, चंदन, खैर, हिरडा इत्यादी झाडे आहेत, परंतु वड, पिंपळ आणि उंबर नाहीत. शहरी भागांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे व २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. पण ही दुरुस्ती नागरी हद्दीपुरती, आणि हरियलाची बहुसंख्य झाडे गायरानात, गावठाणात, पोटखराब्यात आणि खाजगी बांधांवर आहेत. राज्यपक्ष्याच्या या निवासाची कोठेच नोंद नसावी, ही गोष्ट दुरुस्त होण्याजोगी आहे आणि तिच्या दुरुस्तीचे साधनही हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत गावातील प्रत्येक जुन्या वडा-पिंपळाचे ठिकाण, त्याचा अंदाजे घेर आणि तो कोणत्या महिन्यात फळतो, एवढ्या तीन बाबी जरी ग्रामसेवकांनी व शाळांतील शिक्षकांनी मुलांकरवी भरून घेतल्या, तरी तालुक्याच्या फळक्रमाचा नकाशा सिद्ध होईल. आणि कोणते झाड गेल्याने कोणता महिना रिकामा पडेल, हे कुऱ्हाड पडण्यापूर्वी दिसू लागेल.

लावण्याच्या कामीही निराश होण्याचे कारण नाही. वडाची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी रोवली असता मुळे धरते आणि बीजापासून वाढविलेल्या रोपाहून लवकर झाड होते. उंबर ओढ्याकाठी विनासायास रुजतो. आपल्याच जिल्ह्यात, बीडनजीकच्या पालवणच्या उजाड डोंगरावर, लोकांनी देवराई उभी केली आणि २०२० साली तेथे वृक्षसंमेलन भरविले. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील भोसे येथील जुन्या वडासाठी लोकांनी आवाज उठविला आणि महामार्गाच्या आखणीत बदल झाला. श्रद्धेने जे काम पूर्वी केले ते यापुढे जाणीवपूर्वक प्रेमाने करावे लागेल, आणि ते करणारी माणसे या मराठवाड्यात आहेत.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडेसे. पहिल्या भागात हरियलाचे शरीर, स्वभाव आणि वर्षचक्र. दुसऱ्यात त्याची झाडे, त्यांची फळे आणि परागसिंचनाची ती सूक्ष्म माशी. तिसऱ्यात सह्याद्री, अंदमान-निकोबार व पॅसिफिक महासागर येथील त्याच्या आप्तांचा वृत्तांत. आणि शेवटच्या भागात माजलगाव तालुक्यातील गावोगावच्या झाडांची महिनावार नोंद, जिच्यात वाचकांनी भर घालावी म्हणून पाने कोरी ठेवली आहेत. शास्त्रीय संज्ञा जेथे टाळता आल्या तेथे टाळल्या आहेत; जेथे अपरिहार्य होत्या तेथे त्यांचा अर्थ पहिल्याच उल्लेखात दिला आहे. ज्या गुराख्यांनी, मेंढपाळांनी आणि देवळांच्या पुजाऱ्यांनी कोणता वड केव्हा पिकतो हे सांगितले, त्यांच्या ज्ञानावाचून चौथा भाग लिहिला गेला नसता. त्यांचे ऋण मान्य करून ते शिरावर वागविणेच मला उचित वाटते.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाकडे माझे मागणे एकच आहे. आपल्या गावातील एक जुना वड, पिंपळ वा उंबर निवडावा, वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवावे, तो केव्हा फळला व त्यावर कोण कोण येऊन गेले ते शेवटच्या कोऱ्या पानांत लिहावे, आणि ते पान ग्रामपंचायतीच्या नोंदवहीला जोडण्याचा आग्रह धरावा. तालुक्यातील प्रत्येक गावातून असे एक पान जमले, तर राज्यपक्ष्याचा पत्ता प्रथमच सरकारी दप्तरात नोंदविला जाईल, आणि ती नोंद करणारे हात माजलगावचे असतील.

माजलगाव